लहान्याचं फ्युचर वर्क

धानाच्या बांधीत उकिडवा बसून पानाचा फोटो काढणारा माणूस आमच्या गोंदिया जिल्ह्यात दोनच प्रकारचा असतो. एक, नुकसानीचा पंचनामा करायला आलेला तलाठी. दुसरा, कॉम्प्युटर सायन्समध्ये संशोधन करणारा पोरगा. ओळखायची खूण सोपी आहे. तलाठी एक फोटो काढतो आणि चहाची वाट पाहतो. संशोधक एकाच पानाचे चाळीस काढतो, मग ऊन फार आहे म्हणून सावली धरायला कुणाला तरी हाक मारतो, मग सावली फार झाली म्हणून त्यालाच बाजूला व्हायला सांगतो, आणि शेवटी पान तोडून खिशात घालतो. तलाठ्याचं काम त्याच दिवशी संपतं. संशोधकाचं कधी संपणार हे विचारायची आमच्याकडे सोय नाही.

आमच्या शेजारचा लहान्या हा या दुसऱ्या प्रकारातला. प्रवेशपत्रावर त्याचं नाव चांगलं तीन शब्दांचं आहे, पण घरी तो लहान्याच, कारण त्याच्या आधी मोठ्या आहे. मोठ्या शेती करतो. लहान्या शेतीवर संशोधन करतो. घरातल्या कामाची ही वाटणी कुणी बसून ठरवली नव्हती, ती आपोआप होत गेली आणि आता तिला पंधरा वर्षं होत आली. नागपूरच्या एका संस्थेत त्याने आधी बी.ई. केलं, मग एम.टेक., आता पीएचडी चालू आहे. आणि हा एकटा नाही. आमगावात असा एक आहे, तिरोड्यात दोन आहेत म्हणतात, देवरीच्या एकाने तर मोहफुलं ओळखणारं काहीतरी केलंय असं ऐकतो. पूर्वी दर दोन गावांमागे एक नाटकवेडा असायचा, त्या जागा आता यांनी भरल्या आहेत.

लहान्या गावी येतो तेव्हा पाठीवरची बॅग पोटावर घेऊन येतो. तिच्यात लॅपटॉप, तीन चार्जर आणि मायच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली हार्ड डिस्क असते. कपडे नसतात. ते मोठ्याचे घालतो. दारातून आत आल्यावर पहिला प्रश्न, "नेट हाये का?" मग माय कशी आहे, आजी कशी आहे. नेट नसतंच. असतं ते गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या उत्तरेला, खाट टाकून डोकं टाकीला टेकवलं की. तिथे त्याने खाट कायमची टाकून ठेवली आहे. मोठ्याच्या बायकोला पापड वाळवायचे असले तर तिने आधी वर हाक मारायची, "भाऊजी, मॉडेल चालू हाये का?" मॉडेल चालू असेल तर पापड खाली अंगणात.

त्याचा पहिला प्रकल्प मला आठवतो. बी.ई.च्या शेवटच्या वर्षी त्याच्या वर्गातल्या बऱ्याच पोरांनी प्रकल्प विकत आणले. लहान्याने स्वतः केला, त्यामुळे तो चालला नाही. नाव मोठं होतं, 'स्मार्ट इरिगेशन'. अर्डुइनोची एक पट्टी, मातीत खुपसायचा ओलावा मोजणारा सेन्सर, एक रिले आणि मोटर. माती कोरडी झाली की मोटर आपोआप सुरू, ओली झाली की बंद. कॉलेजात तुळशीच्या कुंडीवर त्याने हे दाखवलं आणि बाहेरून आलेल्या परीक्षकाने मान डोलावली. त्या आनंदात ते यंत्र गावी आलं आणि घरच्या बांधीत गेलं. आता ज्याने धान पाहिलाय त्याला पुढचं सांगायला नको. रोवणी झाली की बांधीत पाणी उभंच असतं, ते असावं लागतं. सेन्सर खुपसला, स्क्रीनवर आलं, 'ओले'. दुपारी पाहिलं, 'ओले'. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, 'ओले'. चौथ्या दिवशी एक खेकडा वायर घेऊन गेला. त्याचे वडील, बाबूजी, धुऱ्यावर उभे होते. म्हणाले, "बांधीत पानी हाये हे सांगाले मशीन कायले पाह्यजे गा?"

लहान्या रागावला नाही. तो कधीच रागावत नाही. त्याने वहीत लिहिलं, 'लिमिटेशन्स'. खाली लिहिलं, 'फ्युचर वर्क'.

हे फ्युचर वर्क नीट समजून घ्यायला हवं, कारण लहान्याचा संसार त्याच्यावर उभा आहे. शोधनिबंधाच्या शेवटी जे झालं नाही ते पुढे करू असं लिहायची रीत असते, एवढं मलाही कळलं आहे. पण लहान्याने ही रीत घरात आणली. गोठ्याचं एक कवेलू फुटलंय, बदलायला सांगितलं, तर ते फ्युचर वर्क. आजीचा चष्मा, फ्युचर वर्क. लग्न, फ्युचर वर्क. मोठ्या तर आता स्वतःच म्हणतो, "कवेलू मीच बदलवतो, नाही तं ते पुढच्या पेपरात येईन."

एम.टेक.ला त्याने धानाचे रोग घेतले. त्याची मांडणी अशी: शेतकरी पानाचा फोटो काढेल, मोबाइल रोग सांगेल. आम्हाला सगळ्यांना हे पटलं. मग लहान्या डेटासेट शोधायला बसला. पिकांच्या रोगांचा सगळ्यात गाजलेला फोटोसंग्रह म्हणजे 'प्लांटव्हिलेज'. त्यात ५४,३०६ फोटो, १४ पिकं. टोमॅटो आहे, बटाटा आहे, सफरचंद आहे, ज्या फळाचं झाडही आम्ही कधी पाहिलं नाही ते ब्लूबेरी आहे. धान नाही! अर्ध्या जगाचं पोट ज्याच्यावर भरतं ते पीक त्या चौदांत नाही. लहान्या त्या दिवशी पहिल्यांदा जेवला नाही. दुसरी गोष्ट त्याला त्याहून लागली. २०१६मध्ये या संग्रहावर जो प्रसिद्ध निबंध आला, त्यात यंत्राने ९९.३५ टक्के रोग अचूक ओळखले होते, आणि त्याच निबंधात पुढे लिहिलं होतं की वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो त्याच यंत्राला दाखवल्यावर अचूकता ३१ टक्क्यांच्या आसपास घसरली. कारण संग्रहातलं प्रत्येक पान तोडून, साध्या पार्श्वभूमीवर, नीट पसरून ठेवलेलं. शेतातलं पान असं बसत नाही. त्याच्यावर दव असतं, चिखल असतो, मागे दुसरी पानं असतात, बाजूला बैलाची शेपटी असते.

म्हणून तो बांधीत उतरला. दोन खरीप हंगाम त्याने पानं टिपली. करपा, कडा करपा, गादमाशीची नळी, सगळं. लॅपटॉपवर आकडा चढत गेला. एके संध्याकाळी टाकीमागून ओरडा आला, "९६! काकाजी, ९६ आलं!" आम्हाला वाटलं बारावीत कोणाला तरी मार्क पडले.

दुसऱ्या दिवशी तो मोबाइल घेऊन बाबूजींना बांधीत घेऊन गेला. मीही गेलो, तमाशा पाहायला. पीक मधोमध गोल गोल पिवळं पडायला लागलं होतं. लहान्याने पानाचा फोटो काढला. मोबाइलने सांगितलं, 'निरोगी, ९१ टक्के'. पुन्हा काढला. 'निरोगी, ९३ टक्के'. बाबूजींनी दुपट्टा खांद्यावर टाकला, धोतर वर खोचलं, दोन्ही हातांनी धानाचा चूड फाकवला आणि म्हणाले, "पान काय पाह्यतेस? बुड पाह्य बुड." खाली, पाण्याच्या जरा वर, खोडाला तुडतुडे चिकटले होते, मुंगी शिरायला जागा नाही इतके. तुडतुडा बुंध्यातला रस शोषतो. पानावर त्याची खूण दिसेपर्यंत पिकात खळं पडून गेलेलं असतं. कॅमेरा वरून पाहत होता. बाबूजी पन्नास वर्षं खालून पाहत आले होते.

त्या दिवसापासून एक गंमत सुरू झाली. बाबूजी सकाळी शेतातून येताना दुपट्ट्याच्या गाठीत पानं बांधून आणायला लागले. लहान्या नागपुरात असला तरी आणायचे. मोठ्याच्या मुलीच्या जुन्या वहीत ठेवायचे, एका पानावर एक रोग, आणि नातीकडून खाली नाव लिहून घ्यायचे. 'हे करपा नोहे, युरिया जास्त झाला.' 'हे काय हाये माहीत नाही, पुढल्या हप्त्यात सांगतो.' तोंडाने मात्र म्हणायचे, "पोरगं वाया गेलं." लहान्याच्या गाइडने ती वही पाहिली आणि विचारलं, हे लेबलिंग कोणत्या तज्ज्ञाकडून करून घेतलं? लहान्या म्हणाला, "सर, डोमेन एक्स्पर्ट आहेत, पन्नास वर्षांचा अनुभव." निबंधात तसंच छापलं गेलं. आभाराच्या ओळीत इंग्रजीत बाबूजींचं नाव आलं. लहान्याने दाखवलं, तर बाबूजींनी कागद लांब धरून, मग जवळ धरून पाहिला आणि विचारलं, "यात धानाचा भाव लिहेल हाये का?"

नाही म्हटल्यावर त्यांनी तो घडी करून सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवला. त्या पिशवीत आमच्याकडे फालतू कागद ठेवत नाहीत.

मधल्या काळात सारस पक्ष्याचा एक छोटा प्रकल्प झाला, त्याची हकीकत लवकर सांगतो. महाराष्ट्रात सारस उरलाय तो मुख्यतः आमच्या जिल्ह्यात. माणसाएवढा उंच, जोडीने राहणारा, धानाच्या बांधीतही घरटं करणारा. दर जूनमध्ये पहाटे तळ्याकाठी, बांध्यांत बसून त्याची गणना होते आणि जिल्ह्याचा आकडा तीस-चाळिसाच्या आसपास घुटमळतो. लहान्याच्या डोक्यात आलं, फोटोवरून सारस आपोआप मोजणारं यंत्र करावं. यंत्राला शिकवायला हजारो फोटो हवेत. पक्षी तीस-चाळीस. मग त्याने त्याच त्या पक्ष्यांचे फोटो आडवे केले, उलटे केले, फिकट केले, अर्धे कापले. याला ऑगमेंटेशन म्हणतात. त्याच्या स्क्रीनवर सारस पाय वर करून उडताना मी पाहिलाय. मग फोटो सोडून तो आवाजाकडे वळला, कारण नर-मादी मिळून जी हाक देतात ती फार लांब ऐकू जाते. तळ्याकाठी रात्रभर रेकॉर्डर ठेवला. सकाळी त्यात बेडूक होते, मालगाडी होती आणि पलीकडच्या गावातल्या लग्नाचा डीजे होता. सारस एकदाच ओरडला, डीजे बंद झाल्यावर. गणना करणारे स्वयंसेवक मात्र दुर्बीण आणि वही घेऊन सकाळी नऊच्या आत मोजून घरी गेले होते.

एवढं सगळं करणाऱ्या माणसाची गावात किंमत काय? फार आहे, पण दुसऱ्याच कारणासाठी. २०२१पासून ई-पीक पाहणी आली. पीक कोणतं ते शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहून, फोटो काढून, मोबाइलवर नोंदवायचं. त्याआधी आधार, मग धानविक्रीची ऑनलाइन नोंदणी, आणि आता शेतकरी ओळखपत्र. लहान्या गावी आला की अंगणात माणसं जमतात. डीप लर्निंगमध्ये पीएचडी करणारा पोरगा दुपारभर ओटीपी वाचून दाखवतो. "लहान्या, माह्या मोबाइलात जागा नाही म्हनते." लहान्या 'गुड मॉर्निंग'ची नऊशे फुलं पुसून देतो. एकदा मात्र मी त्याला त्या गर्दीत एकदम गप्प झालेलं पाहिलं. कुणाच्या तरी बांधीचा फोटो ई-पीक पाहणीत चढवता चढवता तो म्हणाला, "काकाजी, राज्यभरातून रोज असे किती फोटो चढत असतील. धानाचे, प्रत्येक तालुक्यातले, जागेच्या नोंदीसकट. आणि मी इथे वहीतली पानं स्कॅन करतोय." मिठाईच्या दुकानापुढे उभ्या पोराचा चेहरा असतो तसा त्याचा झाला होता.

लहान्याच्या सवयी घरच्यांनी अंगवळणी पाडून घेतल्या आहेत. मिक्सर घ्यायचा ठरला तेव्हा त्याने आधी 'लिटरेचर सर्व्हे' करतो म्हणून सांगितलं. तीन महिन्यांनी एक तक्ता आला, सतरा मिक्सर, अकरा रकाने. तोवर वहिनीने गोंदियाच्या बाजारातून एक आणून त्याच्यावर दोनदा डाळ वाटली होती. पाऊस येणार का विचारलं तर तो 'येईल' किंवा 'नाही' म्हणत नाही, 'सत्तर टक्के' म्हणतो, आणि छत्री न घेता जातो. मायच्या हातच्या मासोळीच्या रश्शाची तर त्याने परीक्षाच मांडली. या लोकांमध्ये अब्लेशन नावाचा प्रकार असतो. यंत्रातला एकेक भाग काढून पाहायचा, म्हणजे नेमका कोणत्या भागाने काम होतं ते कळतं. लहान्या म्हणाला, माय, तुझ्या रश्शात खरं काम कोणता मसाला करतो ते काढू. पहिल्या दिवशी जवस काढली. दुसऱ्या दिवशी सांबार, म्हणजे कोथिंबीर. घरातले सहन करत होते. तिसऱ्या दिवशी त्याने मीठ काढायला लावलं. मोठ्याने ताट सरकवलं आणि त्या घरातलं रश्शावरचं संशोधन थांबलं. लहान्याचं म्हणणं, निष्कर्ष मिळाला होता.

डेडलाइनचे दिवस आले की घरात सुतक असल्यासारखं बोलतात. यांच्या परिषदांची वेळ आपल्या घड्याळाची नसते. पृथ्वीवर कुठेही तो दिवस शिल्लक असेल तोवर निबंध चालतो, असा त्यांचा नियम. म्हणजे रात्री बाराची मुदत आपल्याकडे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला संपते. ही वेळ ज्या बेटांवर चालते त्यांतलं एक प्रशांत महासागरातलं बेकर बेट. तिथे माणूस राहत नाही. त्या निर्मनुष्य बेटाच्या घड्याळावर बाघ नदीकडच्या आमच्या गावातलं एक घर वर्षातून तीन वेळा चालतं. साडेतीनपासून वहिनी मिक्सर लावत नाही, आजी देवापुढे बसते, मोठ्या इन्व्हर्टरजवळ उभा राहतो. तिरोड्याला ३,३०० मेगावॉटचं वीज केंद्र आहे, पण ढग नुसता कुरकुरला तरी आमच्याकडची लाइट जाते. एकदा ऐन पाचला गेली. मोठ्याने ट्रॅक्टर अंगणात आणला, त्याच्या बॅटरीवरून इन्व्हर्टर जोडला आणि पाच वाजून सव्वीस मिनिटांनी निबंध वर गेला. टाळ्या वाजल्या. दोन महिन्यांनी तो परत आला.

परत आलेल्या निबंधासोबत तीन परीक्षकांची मतं असतात. पहिल्याला बरा वाटतो, तिसऱ्याने वाचलेला नसतो, आणि दुसरा असतो तो नडतो. हे सगळ्या जगात असंच आहे म्हणे. मायला इंग्रजी येत नाही, पण दुसरा परीक्षक म्हणजे कोण हे तिला पक्कं ठाऊक आहे. "त्याच्या घरी लेकरं नाहीत का गा?" असं ती विचारते. लहान्या त्या मतांना नम्रपणे उत्तर लिहितो, प्रत्येक मुद्द्याला 'अत्यंत मोलाच्या सूचनेबद्दल आभार' अशी सुरुवात करून. इतक्या गोड भाषेत तो मायशी कधी बोललेला नाही.

आता पीएचडीचा विषय. पीएचडीला त्याने बोली घेतली. विचार त्याला तुडतुड्यावरून सुचला, असं तो सांगतो. रोग ओळखायला बाबूजी होते, पण बाबूजी जे बोलले ते यंत्राला ऐकून कळायला हवं की नको? बोललेलं ऐकून लिहिणारं व्हिस्पर नावाचं मॉडेल २०२२मध्ये आलं, ते ६ लाख ८० हजार तासांच्या आवाजावर शिकलेलं. त्यात आमची झाडी बोली किती? आमच्या जिल्ह्यात तर घराघरात निराळं. कुठे झाडी, कुठे पोवारी, सालेकसा-देवरीकडे गोंडी, छत्तीसगडच्या अंगाला छत्तीसगढी, आणि बाजारात सगळ्यांची मिळून हिंदी. गोंडी बोलणारी माणसं २०११च्या जनगणनेत जवळपास ३० लाख निघाली, तरी मोबाइलला तेव्हा गोंडी फारशी येत नव्हती. पोवारी तर जनगणनेने हिंदीच्याच खात्यात टाकली. लहान्या म्हणाला, मी झाडीपासून सुरू करतो, बाकीचं... आम्ही सगळे एका सुरात म्हणालो, फ्युचर वर्क.

पहिली बोलणारी अर्थात आजी. पण आधी संमतीपत्र. संस्थेचा नियम आहे, आवाज घ्यायचा तर लेखी परवानगी हवी. दोन पानांचा कागद आणि खाली अंगठा म्हटल्यावर आजीने हात पदरात घेतला. "वावराचा कागद त नाही ना हा?" लहान्याने वाचून दाखवला. तिने मोठ्याला बोलावून पुन्हा वाचून घेतला. मग मला. मग अंगठा. मग रेकॉर्डर सुरू झाला आणि जी म्हातारी एरवी सकाळपासून रात्रीपर्यंत अस्सल झाडीत सगळ्यांना शिव्या घालते, ती ताठ बसून आकाशवाणीसारखी बोलायला लागली. "माझे बालपण अत्यंत कष्टात गेले." लहान्या हैराण. "आजे, रोज बोलतेस तशी बोल ना." आजी म्हणाली, "रोज बोलतो ते लोकायले काय ऐकवायचं?" विल्यम लबॉव्ह नावाच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने ही अडचण पन्नास वर्षांपूर्वीच मांडून ठेवली आहे: माणसं कुणी ऐकत नसताना कशी बोलतात ते ऐकायचं, आणि ते ऐकल्याशिवाय कळत नाही. त्याने आजी पाहिली नव्हती, एवढंच.

मग लहान्या झाडीपट्टीच्या नाटकांना रेकॉर्डर घेऊन बसला. दिवाळीपासून होळीपर्यंत आमच्या या पट्ट्यात रात्र रात्र नाटकं होतात, वडसा हे त्यांचं मोठं ठाणं. त्याला वाटलं, एका नाटकात अख्खी रात्रभर बोली मिळेल. त्या रात्री नायक-नायिका शुद्ध पुस्तकी बोलून रडले, बोलीत बोलला तो एकटा विनोदी नट, आणि त्याच्या प्रत्येक वाक्यावर इतका हशा की वाक्य हरवलं. शेवटी खरा माल मिळाला तो रोवणीत. चिखलात वाकलेल्या बाया काम करताना कुणाचं ऐकत नाहीत आणि कुणासाठी थांबत नाहीत. मोठ्याने मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून कमरेला बांधला आणि दिवसभर ओळ धरून चालला. लहान्या धुऱ्यावर. संध्याकाळी आवाज तपासला, तर बायांनी लहान्याच्या लग्नाची सविस्तर चर्चा केली होती. ते सगळं त्याने एकेक शब्द करून लिहून काढलं. संशोधनात भेदभाव चालत नाही.

मॉडेल पहिल्यांदा चाललं ते दिवाळीत. आम्ही सगळे टाकीमागे जमलो होतो. लहान्याने बाबूजींपुढे मोबाइल धरला. बाबूजी म्हणाले, "औंदा बांधीत पऱ्हे टाकले." पऱ्हे म्हणजे धानाची रोपं. स्क्रीनवर अक्षरं उमटली, 'यंदा बांधीत पैसे टाकले.' लहान्याचा चेहरा पडला. बाबूजींनी नातीकडून वाचून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर ऐकलं गा मशीननं."

लग्नाचं राहिलं. मध्यंतरी एक स्थळ आलं होतं, मुलीच्या वडिलांची राइस मिल. त्यांनी विचारलं, मुलगा काय करतो? पीएचडी. मिळतं काय? आता एम.टेक.ला गेटवाल्यांना महिना १२,४०० मिळायचे, फेलोशिपचे २०२३पासून ३७,००० झाले, पण ती येते तेव्हा चार महिन्यांची एकदम येते, हे सगळं मोठ्याने सांगितलं. पाहुण्यांनी मान हलवली. मग कामाचं विचारलं. लहान्या खुलला. फोटो, पान, रोग, सगळं अर्धा तास समजावलं. ते गृहस्थ मन लावून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे रोग मोबाइल सांगणार. औषध कोण सांगणार?" लहान्या म्हणायला नको ते म्हणाला. स्थळ कळवतो म्हणून गेलं, ते अजून कळवतंच आहे.

तुमच्या नात्यात, गल्लीत असा कुणी असेलच. दिवाळीला तो गावी आला की "झाली का रे पीएचडी?" एवढं मात्र विचारू नका. ते त्याला गाइड विचारतो, माय विचारते, किराणा दुकानदारही विचारतो. काही विचारायचंच असेल तर "लॉस किती आला?" असं विचारा. अर्थ तुम्हाला कळला नाही तरी चालेल. तो खाट पुढे ओढेल, लॅपटॉप उघडेल आणि पहिल्यापासून सांगायला लागेल. फक्त घरी आधी सांगून जा की आज जेवायला उशीर होईल.